पैसे फिटले, वॉरंट उरले

उसने पैसे परत केले की विषय संपला, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. वाण्याची वही असो की मामाकडून घेतलेली रक्कम, देणे फिटले की नावावर रेघ मारायची. पण त्या देण्यापोटी दिलेला चेक वटला नसेल आणि प्रकरण कोर्टात गेले असेल, तर हीच समजूत माणसाला कोठडीच्या दारापर्यंत नेऊ शकते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे उदाहरण सांगते. घाटकोपरला त्याचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा धंदा होता. २०२० च्या टाळेबंदीत तो बसला आणि कागदाच्या व्यापाऱ्याला दिलेला ८० हजारांचा चेक परत आला. भाडे परवडेना म्हणून हा मुलुंडला राहायला गेला. कोर्टाची समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिली. पुढे त्याने हप्त्याहप्त्याने सगळे पैसे चुकते केले, पावतीही घेतली. त्यानंतर काही महिन्यांनी एका शुक्रवारी संध्याकाळी हवालदार अजामीनपात्र वॉरंट घेऊन दारात! तो कामासाठी बाहेरगावी होता म्हणून त्या दिवशी निभावले. त्याच्या आईचा मला फोन आला, "बाई, पैसे तर कधीच दिले हो, पावती आहे. मग पोलीस कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण पैसे भरायचे. तेवढ्यात भरले तर गुन्हाच होत नाही. नाही भरले आणि गुन्हा सिद्ध झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की हा गुन्हा जामीनपात्र आहे. मग वॉरंट अजामीनपात्र कसे? तर ते चेकबद्दल नसतेच, गैरहजेरीबद्दल असते. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अगदीच इलाज नसेल तर अजामीनपात्र, असा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या प्रकरणात सांगितला आहे. एकदा निघालेले वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा कोर्ट ते रद्द करीपर्यंत जिवंत राहते. व्यापाऱ्याच्या पावतीने ते मरत नाही आणि पोलिसांनाही ते परस्पर फाडता येत नाही. फी भरली म्हणून हजेरीपटावर हजेरी लागत नाही, तसेच हे.

सोमवारी तो वकिलाला घेऊन स्वतः कोर्टात उभा राहिला. पत्ता बदलल्याचे कागद जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. थोडा दंड आणि जातमुचलका घेऊन कोर्टाने तो मान्य केला. आदेशाची प्रत त्याने स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिली, हे फार महत्त्वाचे. पण खटला उरलाच होता. व्यापारी म्हणाला, "माझे पैसे मिळाले, आता कोर्टाची कटकट मला नको." दोन तारखा तो आलाच नाही. तिसऱ्या तारखेला आला, तडजोडीच्या पुरशिसवर सही केली आणि दहा मिनिटांत प्रकरण मिटले.

या वॉरंटांमुळे कोर्ट म्हणजे वसुली एजंट झाले आहे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पैसे अडकलेला माणूसही बहुधा आपल्यासारखाच साधा असतो, आणि बोलावूनही न येणाऱ्याला आणायचे तरी कसे? एकट्या मुंबईत १ सप्टेंबर २०२५ रोजी अशी १ लाख १७ हजारांवर प्रकरणे पडून होती. माझी तक्रार वेगळी आहे. पैसे मागायला कोर्टात जाणाऱ्याने पैसे मिळाल्यावरही कोर्टात जाऊन तसे सांगितले पाहिजे. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ठरावीक दिवसांत कोर्टाला कळवण्याचे बंधन फिर्यादीवर हवे, आणि न कळवल्यास खर्च त्याच्यावर बसावा.

गोव्यातल्या संजाबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर या प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चांगली वाट दाखवली. सुरुवातीलाच ऑनलाइन रक्कम भरण्याची सोय जिल्हा न्यायालयांनी करावी आणि समन्समध्येच तसे लिहावे, असे सांगितले. आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी पैसे भरले तर तडजोडीवर जादा खर्च नाही, त्यानंतर निकालापर्यंत ५ टक्के. २०१० च्या नियमांत पहिल्या-दुसऱ्या तारखेनंतर १० टक्के होते. कोर्टामार्फत पैसे गेले की कोर्टाला आपोआप कळते, हा यातला खरा फायदा. बाहेर दिलेले पैसे त्याला कोण सांगणार?

तोवर आपल्या घरातल्या धंदेवाल्या मुलांना, भाच्यांना एवढे जरूर सांगा. पत्ता बदलला तर ज्यांना चेक दिलेत त्यांना लेखी कळवा. समन्स आले तर घ्या, दार लावून बसू नका. आणि पैसे देताना पावतीबरोबरच पुढच्या तारखेला कोर्टात येण्याचा शब्दही घ्या. निम्मे देणे समोरच्याचे असते, निम्मे कोर्टाचे.