कोऱ्या पट्ट्याचा दंड

मार्चअखेरची बिले अडकल्याची पत्रे यंदाही आली आहेत आणि तक्रार एकच आहे. लिंक चालू होती, पण बिलासोबत जोडलेल्या ट्रॅफिक ग्राफमध्ये मध्येच कोरा पट्टा आहे. लेखा विभागाने तो डाउनटाइम धरला आणि एसएलएच्या कलमावर बोट ठेवून दंड कापला. एका वाचकाने पाठवलेल्या प्रिंटवर पट्ट्याशेजारी लाल शाईत तास मोजून लिहिले आहेत. त्याच तासांत, त्याच लिंकवरून, त्या कार्यालयाने ई-निविदा उघडल्या होत्या!

कोऱ्या पट्ट्याचा अर्थ एवढाच की पोलरला उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले उत्तर आरआरडीने स्वीकारले नाही. ३०० सेकंदांच्या स्टेपला बहुधा ६०० सेकंदांचा हार्टबीट असतो. तेवढ्या वेळात नमुना आला नाही की तिथे ‘अज्ञात’ अशी नोंद होते. शून्य म्हणजे मोजले, पण काही वाहिले नाही. अज्ञात म्हणजे मोजताच आले नाही. लेखा विभागाला हा फरक ठाऊक नसेल, तर समजू शकते. पण फाइलवर सही करणाऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याला तो ठाऊक नसावा, हे खपवून घेण्यासारखे नाही.

सर्वांत संतापजनक प्रकार कमाल मर्यादेचा. लिंक १०० एमबीपीएसची असताना डेटा सोर्सला तेवढीच मर्यादा घातलेली असते. पुढे लिंक १ जीबीपीएसची होते, आरआरडी फाइल मात्र जुनीच राहते. मग मर्यादेपलीकडचा प्रत्येक नमुना अज्ञात ठरतो. म्हणजे लिंक सर्वाधिक राबते नेमका तेव्हाच ग्राफ कोरा, आणि दंडही त्याच तासांचा.

पण सगळा दोष टेबलापलीकडच्यांचा नाही. आमच्याकडे आलेल्या ग्राफांत १ जीबीपीएसच्या काही लिंक ११४ एमबीपीएसच्या वर कधी गेलेल्याच दिसत नाहीत. हा आकडा पाहताच आपल्या माणसाने ओळखायला हवे की पोलिंग अजून ३२ बिटच्या काउंटरवर चालले आहे. तो काउंटर ४,२९,४९,६७,२९५ ला भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १ जीबीपीएस लिंकवर याला साधारण ३४ सेकंद लागतात. पाच मिनिटांत तो किती वेळा फिरला, हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही. २० एमबीपीएसच्या वरच्या इंटरफेसला ६४ बिटचे ऑक्टेट काउंटर हवेत, हे आरएफसी २८६३ ने २००० सालीच सांगून ठेवले. ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत वाचताच येत नाहीत, म्हणून निदान व्ही२सी वर या. इतकी वर्षे उलटूनही हे लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

राउटर रीबूट झाल्यावर इफइंडेक्स बदलतो आणि ग्राफ भलत्याच पोर्टचा निघतो. परसिस्ट लावून ठेवा. नेटफ्लो व्ही९ मध्ये टेम्प्लेट येईपर्यंत कलेक्टरला काही उलगडत नाही, आणि राउटरचे घड्याळ चुकले असेल तर फ्लो भलत्याच वेळेच्या खात्यात जाऊन बसतात. घड्याळे एनटीपीने जुळवण्याचा सर्ट-इनचा आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. तो केवळ ऑडिटपुरता पाळू नका. आणि ग्राफ कोरा दिसला की लगेच सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नका. आधी पोलरवरूनच एसएनएमपीवॉक चालवा. उत्तर येत नसेल तर टीसीपीडम्प लावून यूडीपी १६१ वर पॅकेट जाते का आणि परत येते का, ते पाहा. आपली कितीतरी दुखणी एखाद्या एसीएलमध्येच सापडतील.

एक गोष्ट मात्र आजच थांबली पाहिजे. दंड टाळण्यासाठी काही जण कोऱ्या जागी आधीचा आकडा भरतात. ही खोटी नोंद आहे. उद्या एखाद्या घटनेच्या तपासात तीच फाइल मागवली गेली, तर बिलातल्या कपातीपेक्षा कितीतरी मोठी किंमत मोजावी लागेल.

लढायचे असेल तर निविदेच्या पातळीवर लढा. प्री-बिड बैठकीत लेखी मागणी करा की उपलब्धता दोन्ही टोकांच्या लिंक अप-डाउन सिसलॉगवरून आणि पिंगच्या नोंदींवरून ठरावी, ट्रॅफिक ग्राफवरून ठरू नये. पोलिंग बंद असलेला काळ वेगळ्या रकान्यात दाखवण्याची सोय मागून घ्या. ज्यांच्या करारात असे कलम आले आहे, त्यांनी त्याचा मसुदा आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात तो छापू, म्हणजे इतरांना तो आपल्या अर्जाला जोडता येईल.