आठवड्याचा ठरलेला वार

लालबागहून एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. लग्नानंतर त्यांनी नर्सिंगचा कोर्स पुरा केला आणि आता दादरच्या एका खाजगी इस्पितळात लागून त्यांना चार महिने झाले. पगार वेळेवर होतो, सिस्टर इन-चार्ज स्वभावाने बऱ्या आहेत, कामही आवडते. तक्रार एकच. ऑफ एका आठवड्यात सोमवारी मिळतो, पुढच्या आठवड्यात एकदम शनिवारी. म्हणजे मध्ये अकरा दिवस सलग ड्यूटी! यादी शनिवारी रात्री मोबाईलवर येते. चार वर्षांची मुलगी शेजारच्या काकूंकडे असते, ती रोज विचारते की आई, उद्या तू घरी का? आणि या बाईंना उत्तर देता येत नाही. नवीन आहे, तर ऑफबद्दल बोलू की नको, असे त्यांनी विचारले आहे.

बोला. जरूर बोला. फक्त काय मागायचे ते आधी मनाशी पक्के करा. तुम्हाला ऑफ वाढवून नको आहे, ठरलेला हवा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी देणे इस्पितळाला पहिलीपेक्षा पुष्कळ सोपे आहे.

तुमच्याच लालबाग-परळला ही मागणी नवी नाही, बरे का. रविवारची सुटी जणू पंचांगातच लिहिलेली होती असे आपण धरून चालतो. पण १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या आणि दर रविवारी सुटी हीही होती. दर रविवारी. ‘आठवड्यातून कधीतरी’ असे त्यांनी लिहिले नाही. पुढे १८९० च्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षे लागली!

आता गिरणी रविवारी बंद ठेवता येते, वॉर्ड कसा ठेवणार? म्हणून रविवार मागू नका. तो जुन्या सिस्टरांचा असतो आणि त्यावरून नव्या मुलीने वाईटपणा घेण्यात अर्थ नाही. मंगळवार किंवा गुरुवार मागा. बुधवार-शुक्रवार मी मुद्दामच सांगत नाही. तुमच्याकडे ते मासळीचे वार असतील, तर ऑफचा अर्धा दिवस बाजार नि मासे साफ करण्यातच जायचा.

कायद्याचेही थोडे माहीत असू द्या. राज्याचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ साली नव्याने झाला, तेव्हा त्यात इस्पितळे आणि सूतिकागृहेही धरली गेली आणि कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी सांगितली गेली. किती माणसे कामाला असलेल्या ठिकाणी कोणता नियम लागतो हे बदलत असते, ते कामगार आयुक्तांच्या कचेरीत विचारता येते. पण पहिल्याच बोलण्यात कायदा काढू नका. तो पदराच्या गाठीला असू द्यावा.

खरी मेख त्या चोवीस तासांत आहे. समजा नाईट करून तुम्ही मंगळवारी सकाळी आठला उतरलात, यादीत मंगळवारी ऑफ लिहिला आहे, आणि बुधवारी सकाळी आठला पुन्हा हजर. कागदावर चोवीस तास भरले. पण दुपारी चारपर्यंत तुम्ही झोपलात, उठून स्वयंपाक केलात, आणि दिवस संपला. याला ऑफ म्हणायचे? ही तर नाईटची झोप झाली. जागतिक कामगार संघटनेने १९७७ साली नर्सेससाठी खास शिफारस केली, तिच्यात आठवड्याची विश्रांती कोणत्याही परिस्थितीत सलग छत्तीस तासांहून कमी नसावी असे म्हटले आहे. ते आपल्याकडे बंधनकारक नसले तरी मागताना हिशेब तोच धरावा. ऑफच्या आदल्या दिवशी मॉर्निंग, नाहीतर ऑफनंतरच्या दिवशी इव्हिनिंग, एवढे मिळाले तरी दिवस हाती लागतो. अकराव्या दिवशी सलाईनची बाटली दोनदा वाचून पाहावी लागते असे तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य मॅडमना जरूर सांगा. रडून नव्हे, साध्या आवाजात. मेट्रनला त्याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्याजवळ एक मोठी गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही चालत ड्यूटीला येऊ शकता! जुलैत रुळांवर पाणी भरले की कल्याण-विरारच्या सिस्टर अडकतात, आणि मग फोन कोणाला येतो? लालबाग-परळमध्ये राहणाऱ्यांना. गणपतीत रस्ते बंद झाले तरी तेच. आजवर हे तुमच्याकडून आपोआप घेतले जात होते. आता ते बोलून द्या: लोकल बंद पडली तर मी येईन, पण एरवी माझा मंगळवार माझा. आणि त्या मंगळवारीच बोलावले तर बदलीचा ऑफ कोणत्या तारखेला, ते तिथल्या तिथे ठरवून घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलेला ऑफ मी तरी कोणाला मिळालेला पाहिला नाही.

एखादी जोडीदारीण आधी गाठा. तिला गुरुवार, तुम्हाला मंगळवार, अडल्यानडल्याला अदलाबदल. दोघींनी मिळून सांगितले की यादी करणाऱ्याचेही काम हलके होते. दोन महिने करून पाहू, असे म्हणा. कायमचे मागितले की माणसे बिचकतात.

घरीही हीच बोलणी करायची आहेत, आणि ती जास्त अवघड, असे माझे मत. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तर सुटीच्या दिवशी दळण, बँक, गॅस, पाहुणे सगळे माझ्यासाठी राखून ठेवलेले असते. नर्सच्या ऑफचे तर विचारूच नका. चाळीत पाणी पहाटे येते. मंगळवारी ते यजमानांनी भरावे, हे आधीच सांगून टाका. सासूबाईंना वार कळला की त्याही त्याप्रमाणे आखतात. वारच माहीत नसेल तर त्यांना तरी काय बोल लावणार?

अर्ज चार ओळींचा पुरे. नाव, वॉर्ड, हवा असलेला वार, जोडीदारणीचे नाव, दोन महिन्यांची मुदत. मागच्या तीन महिन्यांचे ऑफ तारखांसह वहीत लिहून सोबत न्या. ड्यूटी बदलण्याच्या वेळी त्यांना गाठू नका, तेव्हा कोणाचे कोणाकडे लक्ष नसते. यादी शनिवारी निघते ना? मग गुरुवारी दुपारी, राउंड आटोपल्यावर, आधी सिस्टर इन-चार्जना दाखवून मेट्रनकडे जा.