‘जिद मत कर’ आणि ‘जिद्द धर’

आठवीच्या वर्गात मराठीच्या वह्या तपासत होतो. एका मुलाच्या वहीवर नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली जाड स्केचपेनाने इंग्रजीत एक शब्द लिहिलेला होता: ‘बॅडॅस’. मी विचारलं, “याचा अर्थ काय रे?” पोरगा हसत म्हणाला, “सर, जिससे सब डरते हैं.” शेजारच्याने लगेच भर घातली, “भाई, सर. भाई!”

२०२३ मध्ये आलेल्या ‘लिओ’ या तमिळ सिनेमात याच नावाचं गाणं आहे. आमच्या पोरांना तमिळचं एक अक्षर येत नाही, पण मोबाइलवरच्या रीलमधून हा शब्द एकलहऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. मी रागावलो नाही. भाषेच्या मास्तराने शब्दावर रागावू नये, त्याची चौकशी करावी.

शब्दाचा पहिला भाग ‘बॅड’, म्हणजे वाईट. दुसरा भाग शिवराळ शेपूट. अमेरिकेच्या बोलीत तो आधी भांडखोर, धोकादायक माणसाला लावत. पण तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘बॅड’ हा शब्द कौतुकाचाही झाला. ज्यांना कायदा आणि समाज कायम वाईटच म्हणत आला, त्यांनी ती शिवी उचलून छातीवर लावली. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने हा शब्द थेट आपल्या सिनेमाच्या नावात घातला. त्याचा नायक गोऱ्या पोलिसांपासून पळत असतो. आज तोच शब्द कॉफीच्या मगवर आणि टी-शर्टवर छापलेला असतो.

आपल्याकडे याच्या उलट झालं. ‘भाई’ आणि ‘दादा’ हे घरातले शब्द. दादा म्हणजे मोठा भाऊ, ज्याचं बोट धरून शाळेत जायचं. त्याला ‘गिरी’ हे फारसी शेपूट जोडलं आणि ‘दादागिरी’ झाली. ‘भाई’चंही मुंबईत तेच झालं. शिवीचा तिकडे मान झाला, मानाची इकडे धमकी झाली. म्हणजे शब्द स्वतः कणखरही नसतो आणि गुंडही नसतो. तो आपण कुणाला देतो, त्यावर सगळं ठरतं.

हे मला नीट कळलं ते त्याच वर्गातल्या एका मुलीमुळे. मराठीच्या तासाला ‘जिद्द’ हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं, जिद्द म्हणजे ठरवलेलं पूर्ण करण्याची इच्छाशक्ती. ती उभी राहिली. “सर, घर में सब बोलते हैं, ज़िद मत कर. और किताब में लिखा है, जिद्द धरा. सही क्या है?”

प्रश्न साधा नव्हता. अरबीत हा शब्द ‘विरुद्ध’ या अर्थाचा. उर्दूत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट, हेका, पोराचा असेल तर धपाटा मिळवून देणारा. मराठीत तोच शब्द एका ‘द’ने जड झाला आणि गुण ठरला. आणि ही मुलगी नेमकी त्या दोन भाषांच्या मधोमध उभी होती. आठवीनंतर शाळा पुरे, असं तिच्या घरी चाललंय. ती दहावीपर्यंत शिकायचं म्हणते. ओरडत नाही, जेवण टाकत नाही. रोज विचारते, रोज ‘ज़िद मत कर’ ऐकते आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात हजर असते.

मला विचाराल तर त्या वर्गातली कणखर ती आहे. पण तिच्या वहीवर तसा शब्द नाही. आमच्या गावातल्या औष्णिक वीज केंद्रावर नाइट करून, कोळशाची धूळ अंगावर घेऊन सकाळी घरी येणाऱ्या माणसालाही कुणी ‘बॅडॅस’ म्हणत नाही. कारण त्याला कुणी घाबरत नाही.

आपल्या प्रेषितांची एक हदीस सर्वांना माहीत आहे. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा बलवान नव्हे, राग आल्यावर स्वतःला आवरणारा तो बलवान. चौदाशे वर्षांपूर्वी एका शब्दाचा अर्थ असा दुरुस्त केला गेला. गंमत म्हणजे उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत ‘तालीम’ म्हणजे पैलवानांचा आखाडा. मला दोन्ही अर्थ एकच वाटतात.

सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. त्या काळी मुलींना शिकवणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागलं असेल! तिच्या कणखरपणाची नोंद झाली ती एवढीच, कुरकुर न करणारी.

त्या मुलालाही मी एक गोष्ट बाजूला घेऊन सांगितली. “बेटा, सिनेमातल्या हिरोने दहशतीची पोझ घेतली तर टाळ्या पडतात. तू आणि मी ती घेतली, तर लोक आधी आपलं नाव बघतात.” हे सांगताना मला बरं वाटलं नाही. तेरा वर्षांच्या पोराला हे सांगावं लागू नये. पण न सांगता राहिलो असतो, तर ते आणखी वाईट झालं असतं.

त्या मुलीच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. जूनला अजून वेळ आहे, मी पुन्हा जाणार आहे. आणि हे वाचणाऱ्या आई-वडिलांना एवढीच विनंती आहे, मुलगी पुढच्या वेळी काही मागेल तेव्हा ‘ज़िद मत कर’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा. ती मागतेय ती ज़िद आहे की जिद्द, हे एकदा बघा.