आठवीनंतर कोण सांभाळणार?

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच पाथर्डी, शेवगाव व जामखेड तालुक्यांतील अनेक वाड्यांवर घरांना कुलुपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

त्यांच्या मुलांसाठी शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्व शिक्षा अभियानातील हंगामी वसतिगृहांच्या आधाराने कित्येक मुले आजी-आजोबांपाशी राहून शाळेत टिकली. परंतु ही सोय शिक्षणहक्क कायद्यातील 6 ते 14 या वयोगटापुरती. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल पडताच दोन्ही आधार सुटतात आणि नेमके त्याच वयात मूल 'अर्धा कोयता' ठरू लागते. (नवरा-बायको मिळून एक कोयता, असा ऊसतोडीचा हिशेब.) मागे ठेवले तर त्याच्या जेवणाचा खर्च, सोबत नेले तर त्याच्या हातांची कमाई; उचलीखाली दबलेल्या पित्याने यांतून काय निवडावे?

मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. तिचे मोल आम्ही जाणतो. अहिल्याबाईंचे चौंडी आमच्याच जिल्ह्यातले. पण सायंकाळी कुलूपबंद घरी परतणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीची राखण पास कशी करणार? मग आईबाप तिला सोबत नेतात, किंवा तिचे लग्न उरकून टाकतात.

2021 साली राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. 41 तालुक्यांत मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहे, प्रत्येकी 100 जागा. पहिल्या टप्प्यात पाथर्डी व जामखेड. निधीसाठी उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांचे 10 रुपये व तितकीच शासनाची भर, अशी तजवीज होती. साखरेने आपल्या मजुरांच्या लेकरांचा भार वाहावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. तरीही दोन तालुक्यांना मिळून जागा 400.

रकमेइतकाच वेळेचा प्रश्न आहे. शासनाचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये उघडते, ऊसतोडीचे दसरा-दिवाळीत. मूल न्यायचे की ठेवायचे, हे ट्रॅक्टर दारात येण्यापूर्वी ठरते. हप्ता जानेवारीत आला तर तो खर्ची पडलेला दिसेल, मूल मात्र फडात असेल. म्हणून नववी-दहावीच्या मुलांच्या जेवणाची व निवाऱ्याची रक्कम सप्टेंबरअखेर शाळांच्या हाती पडली पाहिजे. आणि जूनमध्ये नववीच्या पटावर असलेली किती मुले फेब्रुवारीत वर्गात बसली, हे जिल्हा परिषदेने तालुकावार प्रसिद्ध करावे.