घरसंसार : कोणत्या भिंतीस कोणता गिलावा?

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली, कीं आमच्या पनवेलींत घरोघरीं भिंतींकडे लक्ष जातें. कोठें पोपडे सुटलेले, कोठें ओल आलेली, तर कोठें शेवाळ चढलेलें. तरुण मंडळींस नवा नक्षीदार गिलावा हवा असतो, वडील माणसांस खर्चाची धास्ती. आमचें म्हणणें एवढेंच, कीं शोभेचा विचार करण्यापूर्वीं भिंत कशाची आहे, हें पाहावें.

पनवेलींत आतां सिमेंटच्या उंच इमारती झाल्या; तरी जुन्या वस्तींत विटा, चुना व सागवानी खांब यांचीं कांहीं घरें अद्याप उभीं आहेत. त्यांपैकींच एक आमचें. कांहीं वर्षांपूर्वीं घरांतील मंगलकार्याच्या निमित्तानें आम्हीं दर्शनी भिंतीचा जुना चुना खरवडून तीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करविला. पाहुण्यांनीं वाहवा केली. दोन पावसाळे जातात न जातात तोंच तो फुगला, खालच्या विटा भुसभुशीत झाल्या आणि भिंतींतील एका खांबाचा बुंधा कुजलेला आढळला. “चुन्याच्या भिंतीस चुनाच हवा,” असें आमच्या वृद्ध काकू सांगत होत्या; तें कोणीं मनावर घेतलें नव्हतें.

कारण साधें आहे. विटा जमिनींतील ओल शोषून घेतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यानें ती ओल त्यांतून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा घट्ट थर तिला आंत कोंडून ठेवितो.

नव्या सिमेंटबांधणीच्या घरास मात्र बाहेरून सिमेंटचाच गिलावा योग्य. तो दोन थरांत, सुमारें २० मिलिमीटर जाडीचा करावा आणि निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें. वरच्या थरांत वाळूचे कण उघडे ठेविले, कीं त्यास सँडफेस म्हणतात. ओल्या थरावर बारीक खडी मारली, म्हणजे खडीचा गिलावा होतो. अशा खडबडीत पृष्ठभागावर बारीक तडे दिसून येत नाहींत. परंतु त्यांत धूळ व शेवाळ अडकतें. म्हणून कोंकणांत तो पागोळ्यांपासून दूर, छपराच्या आडोशास असावा.

आंतील भिंतींस वेलबुट्टी हवी असल्यास प्लास्टर ऑफ पॅरिस सोयीचें. जिप्सम नांवाचें खनिज भाजून तें करितात; पाण्यांत कालविल्यावर कांहीं मिनिटांतच घट्ट होत असल्यानें सांच्यांतून हवे ते आकार निघतात. मात्र पाण्यानें तें मऊ पडतें. म्हणून बाहेर, न्हाणीघरांत किंवा ओलसर भिंतीवर तें लावूं नये. ज्यांस वेळ व धीर आहे, त्यांनीं घोटीव चुना करवावा. बारीक चुन्याचा थर गुळगुळीत दगडानें घोटला, कीं आरशासारखी झळाळी येते. राजस्थानांत यासच अराईश म्हणतात.

गतवर्षीं आम्हीं तें सिमेंट काढविलें, खांबाचा बुंधा बदलला आणि भिजविलेला चुना व वाळू यांचा गिलावा करविला. मुरवण्यासाठीं कारागिरानें जुन्या रीतीप्रमाणें गूळ व हिरड्याचें पाणी घातलें. काम संपल्यावर काकूंनीं भिंतीवरून हात फिरविला. बोलल्या मात्र कांहीं नाहींत.

वाचकांनीं काम सांगण्यापूर्वीं भिंतीचा एक कोपरा खिळ्यानें खरवडून पाहावा. पांढरट व सहज खरवडला जाणारा तो बहुधा चुना. राखाडी व कठीण तें सिमेंट. एवढ्या क्षणभराच्या परीक्षेनें आमचा खांब वांचला असता.