घरांतील यंत्रें : तंबोऱ्याचा खर्ज आणि नवी पेटी

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात आणि पुढचे आठ दिवस तक्रारीचे, असा बहुतेक कुटुंबांचा अनुभव आहे. यंत्र वाईट असतें असें नाहीं. तें जुळवून घेण्याचा कंटाळा केलेला असतो, इतकेंच. तंबोरा न जुळवितांच कोणी गावयास बसला, तर दोष तंबोऱ्याला कोण देईल? परंतु यंत्राच्या बाबतींत आपण नेमकें हेंच करितों.

गेल्या उन्हाळ्यांत अमरावतीस अंबापेठेंतील एका आप्तांच्या घरीं माझा मुक्काम पडला, तेव्हां या गोष्टीचा चांगलाच प्रत्यय आला. घर मोठें, माणसें दहा-बारा, तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या. नातवानें आपल्या पहिल्या कमाईंतून गाणें ऐकण्याच्या यंत्राला जोडावयाची एक पेटी आणली होती. बाजारांत तिला सबवूफर म्हणतात. ध्वनींतील अगदीं खालचा, खर्जाचा भाग तेवढा वाजविणें हें तिचें काम. पोरें खूष होतीं. परंतु घरांतील वडील, अण्णा, पेटी आल्यापासून दिवाणखान्यांत बसेनासे झाले होते. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें; शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि तरुणपणीं दहा-बारा वर्षें गाणें शिकलेले. कोणीं कारण विचारलें तर म्हणत, "गाणें ऐकूं येतें रे, पण त्यांतला तंबोरा कोणी अर्धा काढून नेला आहे."

नातवाला वाटे, अण्णांना आतां ऐकूं कमी येतें. सुनांना वाटे, नवें कांहींच त्यांना रुचत नाहीं. अण्णा वाद घालीत नसत. आपल्या खोलींत जाऊन पडत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं एकत्र बसून तासभर गाणें ऐकावें, हा त्या घरचा कित्येक वर्षांचा परिपाठ असा न भांडतांच मोडला होता. म्हणजे प्रश्न केवळ पेटीचा राहिला नव्हता.

शोध घेतां अण्णांचें म्हणणें खरें ठरलें. तें कसें, हें समजण्यासाठीं थोडें ध्वनिशास्त्र पाहिलें पाहिजे.

सेकंदाला जितकीं कंपनें तितके हर्ट्झ, असें ध्वनि मोजण्याचें माप आहे. निरोगी तरुण कानाला सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. खालचे ध्वनि काढावयाचे तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि लहान स्पीकरच्या पडद्याला तें साधत नाहीं. म्हणून सुमारें ८० हर्ट्झच्या खालचा भाग मोठ्या पडद्याच्या निराळ्या पेटीकडे सोंपवितात. तिला लागणारी शक्ति पुरविणारा ॲम्प्लिफायर बहुधा तिच्याच पाठीवर बसविलेला असतो.

आतां तंबोऱ्याकडे वळूं. काळी एकमध्यें गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ हर्ट्झवर लाविलेली असते. त्यामुळें त्या तारेचा मूळ ध्वनि नव्या पेटीच्या वांट्यास येतो आणि तिचे वरचे स्वरांश जुन्या स्पीकरकडे राहतात. या दोहोंच्या हद्दी चाकूनें कापल्यासारख्या नसतात. ७०-८० हर्ट्झच्या आसपास दोघेही वाजत असतात. अशा वेळीं एकाचा पडदा पुढें येत असतां दुसऱ्याचा मागें जात असेल, तर दोघांच्या लहरी एकमेकींना मारून टाकतात. त्या घरीं हेंच घडत होतें. तंबोऱ्याची जवारी वरचे स्वरांश विपुल उत्पन्न करिते, हें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलेंच आहे. ते स्वरांश शाबूत असल्यामुळें इतरांना तंबोरा जागेवर आहे असें वाटे. त्याचें अंग गेल्याचें सरावलेल्या एका कानालाच कळत होतें. उलट चित्रपटांतील ४० हर्ट्झचे ढोल एकटी पेटीच वाजवीत असल्यामुळें ते जोरांत ऐकूं येत. नातू ढोलावर खूष, आजोबा खर्जावांचून खिन्न. आणि कान दोघांचेही बरोबर!

पेटीच्या पाठीवर 'फेज' असें लिहिलेलें एक बटण असतें. त्याच्या दोन जागा. एक शून्य अंशाची, दुसरी १८० अंशांची. अण्णांना त्यांच्या नेहमींच्या खुर्चीवर बसविलें, एका ख्यालाची मुद्रिका लाविली आणि नातवाला बटण फिरवावयास सांगितलें. अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "हां, आतां जुळला." नातू बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "अण्णा, तुम्हीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें."

ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे किंवा येऊं घातली आहे, त्यांच्यासाठीं आतां क्रमवार सांगतों.

पहिली गोष्ट जोडणीची. वीज बंद केल्यावांचून कोणतीही तार लावूं वा काढूं नये. मुख्य यंत्राला सबवूफरसाठीं निराळें छिद्र असेल, तर तेथून एक तार पेटीच्या 'एल. एफ. ई.' या छिद्रांत न्यावी. अशा वेळीं ध्वनीची विभागणी मुख्य यंत्र करीत असतें; म्हणून पेटीवरील क्रॉसओव्हरची कळ अगदीं वरच्या टोकास ठेवावी, नाहीं तर एकाच ध्वनीला दोनदां चाळणी लागते. जुन्या ॲम्प्लिफायरला असें छिद्र नसतें. तेथें स्पीकरच्या तारा लावण्याच्या जागींच दुसऱ्या तारा जोडून त्या पेटीच्या 'हाय लेव्हल' जागेंत न्याव्या. मात्र तशी जागा पेटीला असली पाहिजे. तांबड्यास तांबडी, काळ्यास काळी, हा नियम मोडूं नये. पेटी आणि ॲम्प्लिफायर निरनिराळे घेतले असतील, तर ओहमचा हिशेब अवश्य करावा. चार ओहमचीं दोन वेटोळीं एकापुढें एक जोडलीं तर आठ ओहम होतात. शेजारीं शेजारीं जोडलीं तर दोनच. चार ओहमपर्यंतच झेपणाऱ्या ॲम्प्लिफायरवर दोन ओहमचा भार टाकला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. आणि आपल्या वऱ्हाडांतील मे महिन्यांत तर त्याला आधींच पंचेचाळीस अंशांची हवा सोसावयाची असते! पेटीची पाठ भिंतीला चिकटवूं नये, हेंही ओघानेंच आलें.

दुसरी गोष्ट जागेची. पेटी कोपऱ्यांत ठेवली कीं आवाज सर्वांत मोठा येतो, आणि बहुधा सर्वांत घुमटही. पंधरा फूट लांबीच्या खोलींत ३८ हर्ट्झच्या सुमाराचा ध्वनि दोन्ही टोकांच्या भिंतींपाशीं फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. हा दोष पेटीचा नसून खोलीचा असतो. चांगली जागा शोधण्याची एक गमतीची युक्ति आहे. पेटीच थोडा वेळ आपल्या बसण्याच्या जागीं ठेवावी, गाणें लावावें आणि भिंतीच्या कडेनें रांगत जाऊन ऐकावें. जेथें खालचे स्वर सारखे आणि स्वच्छ ऐकूं येतात, तेथें पेटी न्यावी. हें काम मुलांवर सोंपवावें. तीं तें आनंदानें करितात. आरामखुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर ती दोन फूट पुढें घेऊन पाहावी. या उपायाला एक पैसाही पडत नाहीं.

तिसरी गोष्ट विभागणीची. साधारणतः ८० हर्ट्झपासून प्रारंभ करावा. स्पीकर फारच लहान असतील तर शंभर-सव्वाशेपर्यंत जावें. परीक्षा सोपी आहे. पुरुषाच्या आवाजांतील बातम्या लावाव्या. वृत्तनिवेदक घागरींत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, तर विभागणी फार वर गेली आहे किंवा पेटीचा आवाज जास्त झाला आहे.

चौथी गोष्ट फेजची. ती तंबोऱ्यावर कशी पाहावी हें वर आलेंच आहे. एकानें बसावें, दुसऱ्यानें बटण फिरवावें, आणि ज्या जागीं खर्ज भरून येतो ती कायम करावी. शेवटीं आवाजाची कळ. ती शून्यापासून हळूहळू वाढवावी, आणि पेटी वाजते आहे असें कानाला कळूं लागतांच किंचित् मागें घ्यावी. पेटी चालू असतां ती कोठें आहे हें समजूं नये, आणि बंद केली असतां कांहीं तरी गेलें असें वाटावें. ही तिची योग्य पातळी होय. डग्ग्याची घुमार ऐकून हें चटकन ठरवितां येतें.

प्रत्येक गाण्याला या पेटीची गरज असते, असें मात्र समजूं नये. विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ पासून प्रचारांत आलें. त्यापूर्वीं कर्ण्यांत गाऊन घेतलेल्या तबकड्यांवर हा खालचा भाग उतरतच नसे. कलकत्त्यास १९०२ सालीं गौहरजान यांच्या तबकड्या घेतल्या गेल्या त्या अशाच. त्या वाजवितांना पेटी चालू ठेवली, तर गाण्यांत भर न पडतां तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी ऐकूं येते. आपल्या मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा छणत्कारही वरच्या पट्टींतला. त्याला जुना स्पीकरच पुरे.

अमरावतीहून मी अकोल्यास जठारपेठेंत दुसऱ्या आप्तांकडे गेलों, तों तेथें निराळीच तक्रार. पेटींतून अखंड घूं घूं असा आवाज येई. हा ५० किंवा १०० हर्ट्झचा, विजेच्या प्रवाहाचा आवाज होय. एका कारागिरानें त्यावर उपाय म्हणून विजेच्या खुंटीचा तिसरा, जमिनीशीं जोडणारा पाय मोडून टाकला होता! आवाज कमी झाला खरा, पण यंत्रांत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या भागांत वीज उतरली असती, तर ती हात लावणाऱ्या मुलाच्या अंगांतून जमिनींत गेली असती. हा उपाय कोणींही कधींही करूं नये. आधीं ध्वनीची तार काढून पाहावी. आवाज थांबला, तर दोष तारेचा किंवा जमिनीशीं दोन वाटांनीं झालेल्या जोडणीचा असतो. सर्व यंत्रें एकाच फळीवरून चालवावीं आणि दूरचित्रवाणीची केबल क्षणभर काढून पाहावी. बहुधा चोर तेथेंच सांपडतो. शिवाय आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यांत अधूनमधून पाणी घालावें आणि जाणत्या वायरमनकडून तो तपासून घ्यावा. त्या घरीं त्याच दिवशीं नवी खुंटी बसविली.

शेवटचा विचार शेजाऱ्यांचा. मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत जें खपून जाई, तें सिमेंटच्या नव्या इमारतींत खपत नाहीं. खालचा ध्वनि छतांतून आणि भिंतींतून सहज पलीकडे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे. परंतु ज्या पद्धतीनें हें माप घेतात, तींत ५० हर्ट्झचा ध्वनि सुमारें ३० डेसिबेलनें कमी धरला जातो. म्हणजे मोजणीचा कांटा शांत असूनही वरच्या मजल्यावरील आजारी माणसाची खाट थरथरत असूं शकेल. तेव्हां केवळ कांट्यावर विसंबूं नये. एकदां स्वतः शेजाऱ्यांच्या घरीं जाऊन ऐकून यावें.

अमरावतीहून परवां पत्र आलें. अण्णा पुन्हां दिवाणखान्यांत बसूं लागले आहेत. पेटीची आवाजाची कळ कोठें ठेवावयाची, हें आतां नातू त्यांनाच विचारतो. आणि आठवड्यांतून एक दिवस अण्णाही नातवाचे ढोल ऐकून घेतात.