‘वाचत नाही’ आणि ‘वाचता येत नाही’

प्राथमिक शाळेतील जे मूल पुस्तक समोर येताच पाणी प्यायला उठते, पेन्सिलीला टोक काढत बसते किंवा शेजारच्याचे ऐकून ओळ म्हणून दाखवते, त्याच्याविषयी वऱ्हाडातील घरांत आणि शाळांत एक निदान बहुधा तयारच असते. पोरगे आळशी आहे, त्याचे अभ्यासात लक्ष नाही, मोबाइलने ते बिघडले आहे, असे सांगितले जाते आणि त्यातूनच धडा दहादा उतरवून काढण्याची शिक्षा, धाक, चारचौघांतील अपमान हे उपाय निघतात. हे निदान चुकीचे असून हे उपाय अपाय करणारे आहेत, हे दाखवणे आणि त्यांच्या जागी काय करता येते ते अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या परिस्थितीत मांडणे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

आळस हे कारण खरे असते, तर ते मुलाच्या सगळ्याच कामांत दिसले असते. वाचन टाळणारे मूल तोंडी हिशेब चटकन करते, ऐकलेली गोष्ट तपशिलासह परत सांगते, शेतातले किंवा घरचे काम नेमके करते, आणि छापील ओळीपुढेच तेवढे अडते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान होता, गणितात चांगला होता, पण अगदी साधे शब्दही त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. अशा अडचणीला पुढे डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी शाबूत असताना लेखी शब्द ओळखण्यात येणारी चिवट अडचण, या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया असतो असे मुळीच नाही. पुष्कळांना नीट शिकवलेच गेलेले नसते. परंतु दोन्ही प्रकारांत क्रम एकच असतो: आधी जमत नाही, म्हणून लाज वाटते, म्हणून टाळले जाते, टाळल्यामुळे सराव होत नाही, आणि सराव नसल्यामुळे पुढचे आणखी जमत नाही. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र सविस्तर मांडले. मोबाइल या चक्रात उशिरा शिरतो. जिथे हार ठरलेली आहे तिथून सुटण्याची ती सोपी वाट असते.

दुसरे निदान वरकरणी अधिक शास्त्रीय वाटते. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे, जसे बोलावे तसे लिहिले जाते, तेव्हा मराठी वाचायला कठीण जाते ते मुलाच्याच दोषामुळे, असे म्हटले जाते. यात अर्धे तथ्य आहे आणि उरलेले अर्धे मुलाच्या वाट्याला येते. चांदूर रेल्वे स्थानकावरील पाटीच पाहावी. ‘चां’ वाचताना च, त्याचा काना आणि डोक्यावरचा अनुस्वार एकत्र घ्यावा लागतो, आणि हा अनुस्वार पुढे द असल्यामुळे न् सारखा उच्चारला जातो. तोच ठिपका ‘आंबा’ या शब्दात म् होतो. ‘दू’चा उकार खाली असतो, ‘रे’ची मात्रा वर असते, आणि ‘ल्वे’मध्ये अर्धा ल व-ला चिकटतो, शिवाय व-वर काढलेली मात्रा दोन्ही व्यंजनांच्या नंतर उच्चारायची असते. ‘शिक्षक’ शब्दात वेलांटी श-च्या आधी दिसते पण नंतर बोलली जाते. ‘सूर्य’मधील र आधी बोलला जातो पण पुढच्या य-च्या डोक्यावर बसतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च एकच लिहिला जातो, पण त्याचे उच्चार दोन आहेत. मोठ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांचे वाचन फार पूर्वीच सवयीचे झालेले असते. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवले आहे, की अशा अक्षरलिपींत सर्व अक्षरांवर प्रभुत्व यायला चौथीपर्यंत आणि त्यापुढेही काळ लागतो. तेव्हा पहिलीत बाराखडी ‘झाली’ म्हणून दुसरीत वाचन आलेच पाहिजे, ही अपेक्षाच निराधार ठरते.

‘वय वाढले की येईल’ या समजुतीचे खंडन थोडक्यात होते. बोलणे ऐकून येते. वाचणे शिकवावे लागते. कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा येथे मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणाऱ्या संशोधनाचा अहवाल २०१७ मध्ये आला, त्यात तिसरीपर्यंत पोचूनही अनेक मुलांची अक्षरे-मात्रांवर पकड बसलेली नसल्याचे दिसले. नुसती वर्षे गेल्याने त्यांचे काही भागले नव्हते.

सर्वांत सहृदय मत खोडून काढणे सर्वांत अवघड असते, आणि ते मत असे, की मुलाला पुस्तकांची गोडी लावा, रंगीत पुस्तके भोवती ठेवा, बाकी सगळे आपोआप होईल. गोडी हवीच. पण गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र इथे उपयोगी पडते: वाचन हा लिपीची उकल, म्हणजे चिन्हांवरून शब्द ओळखणे, आणि भाषेचे आकलन या दोहोंचा गुणाकार आहे. गुणाकारातला एक आकडा शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. ज्याला उकल होत नाही त्याच्यापुढे सुंदर पुस्तक ठेवणे म्हणजे त्याच्या अपयशाची आणखी एक जागा तयार करणे होय. उलट, केवळ बाराखडी घोकून घेणारी शाळा दुसरा आकडा शून्यावर ठेवते.

आता मंडन. पहिली पायरी कानाची आहे. ध्वनिजाणीव, म्हणजे शब्द कोणत्या आवाजांचा बनला आहे हे ओळखण्याची क्षमता, पुस्तकाशिवाय घडवता येते: ‘कपाशी’तला पहिला आवाज कोणता, ‘पराटी’तला ‘प’ काढला तर काय उरते, असे खेळ शेताच्या वाटेवरही होतात. दुसरी पायरी थोड्या अक्षरांची आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट आणि मात्रा लवकर एकत्र आणण्याची जी दिशा दाखवली, तिचे मर्म हे, की चार-पाच अक्षरांतच मुलाला खरे, अर्थाचे शब्द वाचता येतात आणि यशाची चव पहिल्याच आठवड्यात मिळते. तिसरी पायरी सोबतीची. रोज पंधरा मिनिटे, ठरलेल्या वेळी, मुलाच्या इयत्तेपेक्षा सोपा मजकूर घेऊन मोठ्या माणसाने आधी वाचावे, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. तोच उतारा तीन-चार दिवस घ्यावा. मूल अडले तर दोन-तीन क्षण थांबून शब्द सांगून टाकावा आणि पुढे जावे, कारण रखडत्या वाचनात वाक्याचा अर्थ हरवतो.

वऱ्हाडात याला एक खास जोड द्यावी लागते. मूल ‘मला’ छापलेले असताना ‘मले’ वाचते, तेव्हा ते चुकलेले नसते; त्याने अर्थ ओळखून तो आपल्या बोलीत सांगितलेला असतो. ‘किती’ला ‘कीत’ म्हणणे ही वेगळी चूक आहे आणि तिथे मदत हवी. दोन्हींना सारखीच तंबी देणारा शिक्षक मुलाचे आकलनच दडपतो. ज्या घरांत ‘शाळा’ची ‘शाया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तिथे ळ हे अक्षर गिरवण्याआधी तो आवाज कानाला वेगळा जाणवून द्यावा लागतो. म्हणून आरंभीचा सर्वोत्तम मजकूर मुलाच्याच तोंडचा असतो: त्याने सांगावे, मोठ्यांनी ‘मले’, ‘काहून’ यांसह जसेच्या तसे लिहावे, आणि त्याने ते वाचावे. प्रमाणभाषेचा मजकूर त्याच्या शेजारी येऊ द्यावा, त्याच्या जागी नव्हे.

आईवडील निरक्षर असतील तर काय, हा प्रश्न कापूस वेचायला पहाटे बाहेर पडणाऱ्या घरांत खराच आहे. अशा घरातही ऐकणारा माणूस असतो, आणि ऐकणाऱ्याला वाचता यावेच लागत नाही. भुलाबाईची गाणी ज्या मुलीला मुखोद्गत आहेत, तिच्यासमोर ती शिक्षकांनी लिहून ठेवली, तर ओळखीच्या ओळीवरून तिचे बोट शब्दाशब्दाने सरकू शकते. मात्र बोट आणि आवाज बरोबर चालले पाहिजेत, नाहीतर ते पाठांतरच राहते.

एवढे करूनही काही महिन्यांत हालचाल दिसली नाही, तर तपासणी टाळू नये. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांतील मुलांची तपासणी करते, आणि दृष्टी, श्रवण तसेच अध्ययनातील अडचणी या तिन्ही बाबी त्याच्या कक्षेत येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, तिचे प्रमाणपत्र आठ वर्षांपासून मिळू शकते, आणि त्याच्या आधारे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळतो. चांदूर रेल्वे तालुक्यातील ज्या शिक्षकांना आणि पालकांना असे एखादे मूल माहीत आहे, त्यांनी पथक शाळेत येईल त्या दिवशी त्याचे नाव न लाजता पुढे करावे, आणि तोवर रोजची पंधरा मिनिटे आजपासूनच सुरू करावीत.